डाउनपाइपच्या शोधात, सासूबाईंसोबत: गिरगाव ते रे रोड

मुंबईत माहीमच्या अलीकडे रिक्षा येत नाही. त्यामुळे आमच्या ठाकूरद्वारच्या गल्लीत रोज संध्याकाळी फटफट आवाज यायला लागला, तेव्हा लोक गॅलरीतून खाली वाकून बघायला लागले. समोरच्या चाळीतले काका मला थेट म्हणाले, "अरे, तुमच्याकडे रोज रिक्षा घेऊन कोण येतं रे?"

रिक्षा नव्हती, माझी गाडी होती. लाल रंगाची, टर्बो इंजिनाची, सेकंडहँड घेतलेली. माझ्या बायकोचं, अश्विनीचं मत असं की मी लग्नात तिचा हात धरला तेव्हासुद्धा इतका हळवा झालो नव्हतो, जितका या गाडीचं स्टिअरिंग धरताना होतो.

गॅरेजवाल्याने खाली घुसून निदान केलं. डाउनपाइप फुटला होता. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: टर्बो इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरतो. फिरून झालं की तो तापलेला धूर खाली आणून मागे सायलेन्सरकडे पोचवणारा जाड, वाकडा नळ म्हणजे डाउनपाइप. कंपनीचा मागवला तर कधी येईल याची खात्री नव्हती. बाहेरचा घेतला तर एका दिवसात काम. 'बाहेरचा' हा शब्द ऐकताच माझे डोळे लकाकले. बाहेरचे नळ जास्त रुंद असतात. इंजिन मोकळा श्वास घेतं, ताकद वाढते आणि आवाज असा येतो की सिग्नलला बाजूचा माणूस वळून बघतो. निदान व्हिडिओत तरी बघतो.

अश्विनीने परवानगी दिली, पण अट घातली. "पुढच्या आठवड्यात कार्ल्याला जायचंय. या वर्षी आई आपल्या गाडीत बसली पाहिजे."

हे जरा समजावून सांगायला हवं. आमचं घराणं गिरगावातलं, पिढ्यान्‌पिढ्या टेबलामागे बसलेलं. अश्विनी वरळी कोळीवाड्यातली. तिची आई, हिराबाई, आजही दादरच्या बाजारात मासळी घेऊन बसते. दर वर्षी सगळा कोळीवाडा एकवीरेला जातो आणि दर वर्षी सासूबाई माझ्या गाडीची पुढची सीट सोडून भाच्याच्या टेम्पोत जाऊन बसतात. जावयाची लाल गाडी रिकामी सीट घेऊन मागून येते आणि सगळा कोळीवाडा ते बघतो. कारण विचारलं तर अश्विनी एवढंच सांगायची, "आई म्हणते, गाडीत वास येतो."

आता कारण सापडलं होतं. फुटका पाइप. धुराचा वास. म्हणजे एका नळात गाडीही सुधारणार होती आणि सासूबाईही.

दादर

मी मुद्दाम गुरुवार निवडला. रजा मिळत होती आणि गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून सासूबाई मोकळ्या होत्या. त्यांना न्यायचं खरं तर काहीच ठरलं नव्हतं. पण आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "जावयबापू, पाइप घ्यायला चाललाव ना? मना पन पायजे. मोरीला. दीड इंची."

मी सांगायचा प्रयत्न केला की हा पाइप वेगळा. त्या म्हणाल्या, "पाइप तो पाइप. यकाच दुकानात घेतला तर दोनशे रुपये कमी करंल."

सकाळी निघून आधी ऑपेरा हाउसजवळच्या अॅक्सेसरीच्या दुकानांत डोकावलो. तिथे डाउनपाइप सोडून सगळं मिळतं. एकाने मला सायलेन्सरच्या टोकाला लावायची चकचकीत चार तोंडं दाखवली आणि म्हणाला, "आवाज तोच राहील सर, पण मागून भारी दिसेल." तुम्ही जाणार असाल तर तिथे वेळ घालवू नका.

दादरला सासूबाई बाजाराच्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसात अबोली. मागच्या सीटवर बसल्या, काच पूर्ण खाली केली आणि पदर नाकाला लावला. मी आरशात बघत मनात म्हटलं, अजून थोडेच तास, आई. नाश्त्याला कोथिंबीर वडी आणि पीयूष घेतलं. पीयूष त्यांना आवडलं नाही. "श्रीखंडात पानी पडलंय," म्हणाल्या आणि माझा पेलाही पिऊन टाकला.

परळ

पहिला खरा मुक्काम परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात. आता आत काचेची ऑफिसं आहेत, कॉफीची दुकानं आहेत आणि कोपऱ्यात एक ट्यूनिंगचं दुकान आहे. गाडी गेटमधून आत घेतली तशी सासूबाई एकदम सरळ बसल्या.

"थांबवा. हितं बसायचो आमी."

त्यांचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा सासूबरोबर टोपली घेऊन त्या याच गेटबाहेर बसायच्या. पाळी सुटली की माणसं अशी लोटायची की टोपली सांभाळायला एक हात लागायचा. मग संप झाला. काही दिवस सवयीने येऊन बसल्या. गेटवर फक्त पहारेकरी. त्यालाच थोडी मांदेली देऊन घरी जायच्या. शेवटी दादरचा बाजार धरला. हे सगळं त्यांनी गाडी उभी करेपर्यंत सांगून टाकलं आणि उतरताना म्हणाल्या, "भोंगा मात्र लय मोठा होता हां. तुमच्या गाडीला तसा लावतात काय?"

दुकानात भिंतीवर डाउनपाइप टांगलेले, प्रत्येकावर स्वतंत्र दिवा. मी चप्पल काढायच्याच बेतात होतो. मालक करण, काळा टी-शर्ट, दाढी कोरलेली. त्याने मला दोन पर्याय दाखवले.

"सर, एक कॅट वाला, एक कॅटलेस. कॅट मंजे तो धूर फिल्टर करणारा डबा. पण फुल मजा पाहिजे तर कॅट काढून टाका."

सासूबाईंनी कान टवकारले. "कॅट म्हंजे मांजर ना?"

"आई, ते वेगळं."

"गाडीत मांजर असतं?"

"कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आंटी," करण म्हणाला. "उसको निकाल देते है."

"काढा!" सासूबाई म्हणाल्या. बाजारात त्यांचं आयुष्य मांजरांशी भांडण्यात गेलंय. "नको ती ब्याद. जावयबापू, मांजर नसलेलाच घ्या."

करणने मांजर नसलेली एक पिवळी गाडी सुरू करून दाखवली. आधी भिंतीवरचे पाइप थरथरले, मग माझ्या छातीचा पिंजरा. पेडलवरचा पाय सोडला की मागून फाड फाड फटाके. मला वाटलं सासूबाई पळून जातील. पण त्या गाडीच्या मागे उभ्या राहून, कंबरेवर हात ठेवून, होळीला बोट सजवून सोडल्यासारख्या हसत होत्या.

"परत कर रं," त्या करणला म्हणाल्या.

त्याने परत केलं. तीनदा.

मोह खूप झाला. पण पीयूसीचं काय, असं विचारल्यावर करणने छताकडे बघितलं. आणि कच्च्या पेट्रोलचा असा उग्र दर्प सुटला होता की माझे डोळे चुरचुरले. वास! ज्या वासासाठी हा सगळा खटाटोप, तोच मी पैसे देऊन वाढवणार होतो. मी विचार करून सांगतो म्हणालो. सासूबाईंनी जाता जाता विचारलं, "मोरीला दीड इंची हाय काय?" करणने भिंतीवरच्या दिव्यांकडे बघितलं आणि नाही म्हणाला.

चिंचपोकळी

लालबागवरून खाली उतरून चिंचपोकळी स्टेशनच्या बाजूच्या गाळ्यांमध्ये आलो. गाडी गल्लीत घालू नका. मोठ्या रस्त्यावर लावा आणि चालत जाऊन आधी विचारा. मी घातली आणि मग एका हातगाडीवाल्याने, दोन फुलवाल्यांनी आणि सासूबाईंनी मिळून मला चार वेगवेगळ्या दिशांना स्टिअरिंग वळवायला सांगितलं.

राणे नावाचे गृहस्थ इथे रेलिंगं, जिन्यांचे कठडे आणि गाड्यांचे पाइप बनवतात. मालवणी माणूस, बोलणं कमी. माझ्या मॉडेलचा, कॅटसकट असलेला, स्टीलचा तयार पाइप त्यांच्याकडे होता. मी इंटरनेटवर शिकलेलं सगळं विचारून घेतलं: टर्बोकडची पट्टी बसते का, सेन्सरची भोकं जागेवर आहेत का, मध्ये लवचिक जाळीचा तुकडा आहे का, कारण माझा तिथेच फुटला होता. तुम्हीही हे विचारा. जुना पाइप आणि नवा शेजारी ठेवून बघा. राण्यांनी सगळ्याला "हा" म्हटलं.

"आवाज?"

"येतलो. पण शेजारी भांडाक येवचे नाय."

"ताकद?"

"जरा. गाडीचा विमान होवचा नाय."

सासूबाईंना हे पसंत नव्हतं. "मांजरवाला घेताव? त्या दाढीवाल्याचा केवढा वाजत होता!"

पण मी ठाम होतो. त्यांच्यासाठीच तर घेत होतो, हे मात्र बोललो नाही. राण्यांनी सासूबाईंच्या मोरीसाठी कठड्याच्या नळीचा एक उरलेला तुकडा कोपऱ्याने वाकवून दिला, फुकट. तेव्हा राण्यांबद्दलचं त्यांचं मत एकदम बदललं.

इंजिन निवेपर्यंत थांबावं लागलं. जेवायला शेजारच्या खानावळीत आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. स्वस्त आणि उत्तम. मग काम चालू असताना सासूबाई लालबागच्या बाजारात जाऊन सुक्या बोंबलांची भलीमोठी पिशवी घेऊन आल्या आणि माझ्या सीटमागे ठेवली.

रे रोड

पाइप बसला. गाडी सुरू झाली. फटफट गेली, खालून एक खोल, गुळगुळीत गुरगुर आली. माझ्या डोळ्यांत पाणी. गोदीकडचा रस्ता त्या मानाने मोकळा, म्हणून रे रोडच्या दिशेने निघालो. ट्रकांची धूळ होती, म्हणून मी सगळ्या काचा वर केल्या.

लाकडाच्या वखारींपाशी पोचलो आणि मागून हाक आली. "थांबवा जरा! वास येतोय!"

मी इस्त्रीच्या शर्टानिशी रस्त्यावर आडवा झालो. पाइपातून हलका धूर निघत होता. नवीन पाइपावरचं तेल जळतं, ते साहजिक. तसं त्यांना सांगितलं.

"ह्यो तो वास नाय."

"मग तुमचे बोंबील असतील, आई."

इथे सहा वर्षांत पहिल्यांदा त्या मला 'तू' म्हणाल्या. "माजे बोंबील? तुज्या गाडीला वास येतो तो माज्या बोंबलांचा? मागच्या वर्षी पन बोंबील होते काय?"

वखारीतले दोघे काम थांबवून बघत होते. पिशवी टपावर ठेवून बघितली, वास होताच असं त्या म्हणाल्या. पाइप बघितला, काही सुटलेलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, आता मशीनच सांगेल. कॉटन ग्रीनजवळच्या पेट्रोल पंपावर पीयूसीची गाडी उभी असते. तिथल्या माणसाने मागे नळी घातली. मी श्वास रोखून उभा. कोऱ्या पाइपानिशी नापास झालो असतो तर अश्विनीसमोर उभं राहायची सोय नव्हती.

"पास," तो म्हणाला. "एकदम साफ."

"मग वास कसला येतो? जरा आत बघता?"

त्याने दार उघडून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "बोंबील हायत. पण त्याचा काय त्रास नाय. साहेब, हे लिंबू किती लावलंय? डोकं चढलं माझं."

एसीच्या तीन जाळ्यांना तीन लिंबाच्या परफ्यूमच्या बाटल्या. पहिल्या वर्षी एक होती. सासूबाई वास येतो म्हणाल्या म्हणून दुसरी आणली. पुन्हा म्हणाल्या म्हणून तिसरी.

मी वळून बघितलं. त्या पंपावरच्या हवेच्या मशीनकडे बघत होत्या.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मळमळायला लागतं त्यानं. पर तुमी हौसेनं लावलेलं. कसं बोलायचं जावयाला?"

"मग मला पाइप का घेऊ दिलात?"

"पाइप फुटलाच होता की," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं.

तिन्ही बाटल्या पंपावरच्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या. परतीच्या वाटेला सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या, पदर खांद्यावर. वरळीपर्यंत एकच तक्रार केली: "दाब की जरा."

आणि कार्ला

कार्ल्याच्या आदल्या दिवशी अश्विनी फोन ठेवून माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर आनंद होता आणि काळजीही.

"आई गाडीत बसतेय."

"मग झालं की!"

"तिने सगळ्यांना सांगितलंय, जावयाने नवा पाइप घातलाय. तिच्या तीन मैत्रिणी पण येतायत." ती थोडं थांबली. "गाडी मी चालवते. तू टेम्पोत बस ना."

तर मी खंडाळ्याच्या घाटात टेम्पोत होतो, मांडीवर दुसऱ्याचा ढोल आणि खांद्यावर झोपलेले अश्विनीचे मामा. चढावर टेम्पो रांगत असताना मागून एक आवाज आला. खोल, भरदार, जराही न ओरडणारा. लाल गाडी बाजूने वर चढून गेली. पुढच्या सीटवर सासूबाई, काचेबाहेर हात, मागे तिघी जणी गाताना. ड्रायव्हरच्या सीटवरून आपल्याच गाडीचा आवाज असा कधी ऐकू येत नाही. तो मागे राहिलेल्यांसाठी असतो. "ती आमची," मी मामांना म्हणालो. मामा झोपलेलेच होते.

हे लिहितोय तेव्हा कार्ल्याहून येऊन महिना झालाय. ताकद वाढली का, असं विचाराल तर गिरगावात ते कळायला रस्ता मिळत नाही. पेट्रोल थोडं जास्त लागतं बहुतेक, पण तो माझा पायही असेल. पाइप घ्यायचा असेल तर माझा सल्ला एवढाच की आधी गाडीत बसणाऱ्यांना नीट विचारा, त्यांना नेमकं काय होतंय ते.

काल सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. मी अश्विनीला म्हटलं, जरा नाक्यापर्यंत गाडी नेऊन आण ना, मला खालून ऐकायचंय. तिने कपाळाला हात लावला, पण किल्ली घेतली. सासूबाई माझ्याबरोबर खाली आल्या. फुटपाथवर आम्ही दोघं शेजारी उभे. गाडी गेली, वळून आली, समोरून परत गेली.

"आला आवाज?" त्यांनी विचारलं.

"आला."

"मना नाय आला," त्या म्हणाल्या. "परत पाठव तिला."