आकड्यांचं वायरिंग

ग्वारीघाटच्या रस्त्यावर आमची रोपवाटिका आहे आणि रोपं पोचवायला सासऱ्यांची जुनी पिकअप. पुढून जीप, मागून उघडा हौदा. सासरे गेले तेव्हा ती विकून टाकू असं मीच म्हटलं होतं. नवऱ्याने ऐकलं नाही, आणि पुढे मीही ती चालवायला शिकले.

त्या हिवाळ्यात एका शाळेत शेवंतीच्या कुंड्या देऊन आम्ही दोघं परत येत होतो. कमानिया गेटजवळच्या गर्दीत डॅशबोर्डमधून धूर यायला लागला. नवऱ्याने उडी मारून बॅटरीची तार ओढून काढली म्हणून निभावलं. दोघा-तिघांनी ढकलत गाडी कडेला लावून दिली, मग दुसऱ्या गाडीला बांधून ती रोपवाटिकेत ओढून आणली.

या गाडीची विजेची कामं सासऱ्यांच्या वेळेपासून एकच माणूस करत आला आहे. शहरातल्या ओमती भागात, मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. घराणं आमच्यासारखंच विदर्भातून इकडे हिंदी मुलखात आलेलं, म्हणून आमच्याशी मराठीत बोलतात. साठी उलटली आहे. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला वहिनी.

भाऊ आले, डॅशबोर्डखाली आडवे झाले आणि तासाभराने वायरींचा जळका जुडगा अंगणात आणून ठेवला.

"वहिनी, हे सारं गेलं. जोडून जमत नाही आता. पूर्ण वायरिंग नवीन टाका लागते."

मी जुडगा उचलून पाहिला. प्रत्येक वायरीच्या टोकाला पांढरा दोरा होता. कुठे एक गाठ, कुठे तीन. रंगीत वायरींवरच्या गाठी बारीक आणि नेटक्या होत्या. काही वायरी अलीकडच्या, सगळ्या काळ्या, आणि त्यांवरच्या गाठी ओबडधोबड. हे काय म्हणून विचारलं तर भाऊ "खूण हाये" एवढंच म्हणाले.

नवऱ्याने मात्र मोबाइलवर आधीच शोध लावला होता. जुन्या गाड्यांचे वायरिंग सेट बनवणारा एक जण त्याला सापडला होता. त्याच्याकडे दोन प्रकार होते. एक हुबेहूब मूळ गाडीसारखा, कापडी वेष्टणाचा, मूळच्याच रंगांचा, फ्यूज तेवढे दोनच. दुसरा आजच्या पद्धतीचा, प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज, पण दिसायला प्लॅस्टिकचा. नवऱ्याचं मन पहिल्यावर बसलं होतं. त्याने फोटो भाऊंच्या समोर धरला.

"रंग बघा. बाबांनी गाडी घेतली तेव्हा हेच होते."

भाऊंनी फोटोकडे धड पाहिलंही नाही. "काहून मागवता, साहेब? मी बनवतो ना इथंच. काळी वायर हाये माझ्यापाशी."

"सगळी काळी? उद्या बिघडलं तर कोणती कुठली हे कळणार कसं?"

"मले कळते."

जाताना मी त्यांना वाफ्यातले पिकलेले टमाटे तोडून न्यायला सांगितलं. ते वाकले आणि एकेक टमाटा दोन बोटांनी दाबून बघू लागले. लालभडक टमाटा अगदी समोर होता. हात त्याला ओलांडून कच्च्याकडे गेला, त्याला दाबलं, सोडलं, मग पुढचा. पिशवीत चार पडले, त्यातला एक हिरवागार.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "उरलेली वायर खपवायची असेल, दुसरं काय." माझ्या डोळ्यांसमोरून ती दोन बोटं हलत नव्हती.

चार दिवस भाऊ आले नाहीत. फोनही उचलला नाही. पाचव्या दिवशी मी ओमतीत गेले. दुकानात ते एकटेच होते, हॉर्न उघडून बसले होते. मी स्टुलावर बसले आणि सरळ विचारलं, "भाऊ, लाल आणि हिरवा तुम्हाला सारखेच दिसतात का?"

त्यांनी पेचकस खाली ठेवला. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. टमाटे तोडताना पाहिलं."

त्यांनी हॉर्न बाजूला सारला. मग बोलले. तरुणपणी कारखान्यात नोकरी लागता लागता राहिली होती. तपासणीत रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, त्यातला आकडा यांना दिसलाच नाही. मग गॅरेजात काम शिकले आणि ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. लग्न झाल्यावर बायकोला सांगितली.

"मी वायरीचे बंडल घरी नेऊन देत होतो. ती रंग पाहून दोरे बांधे. लाल म्हणजे एक गाठ, हिरवा म्हणजे दोन. जिंदगी गेली, कोणाले कळलं नाही." पेचकस पुन्हा उचलत म्हणाले, "ती गेली त्याले दोन वर्षं झाले. तवापासून काळीच आणतो. टेस्ट लॅम्प लावून एकेक शोधतो अन् आपल्या हातानं गाठ मारतो."

त्या ओबडधोबड गाठी माझ्या बोटांना आठवल्या.

"आता तो रंगीत सेट आला, तर साहेबासमोर मी काय करू?"

"मी सांगू का ह्यांना?"

"नका सांगू, वहिनी. त्यांचे वडील मले कारागीर म्हणत."

रोपवाटिकेत परत येऊन मी त्या सेटवाल्याला फोन लावला. दुसऱ्या प्रकारात वायरीवर काही लिहिलेलं असतं का, म्हणून विचारलं. "हाँ जी, हर वायर पर छपा रहता है," तो म्हणाला. पण छापलेली होती दिव्यांची नावं, आणि तीही इंग्रजीत. भाऊंना इंग्रजी येत नाही. मी विचारलं, नावांऐवजी मोठे आकडे छापता येतील का? तो थोडा घुटमळला, मग म्हणाला, "हो जाएगा मैडम, दस दिन लगेंगे."

आता नवऱ्याला पटवायचं होतं, आणि कारण सांगायचं नव्हतं.

"दुसराच सेट घ्यायचा," मी म्हटलं.

"बाबांची गाडी प्लॅस्टिकने भरायची?"

"धूर निघाला तेव्हा मीही आत बसले होते. मला प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज हवा."

हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी त्यानेच ऑर्डर दिली आणि म्हणाला, "कर तुझ्या मनासारखं." त्याचा उतरलेला चेहरा बघून मला वाईट वाटलं. फोटोतल्या त्या कापडी वायरींत त्याला त्याचे वडील दिसत होते, हे मला कळत होतं.

खोकं आलं तसं मी भाऊंना बोलावून घेतलं. भाऊंनी एक वायर उचलली, चष्म्याजवळ नेली, थोडी लांब धरली. "सतरा," ते म्हणाले. पुढे बोट सरकवून पुन्हा, "सतरा." मी हिंदीत यादी लिहून ठेवली होती, कोणता आकडा कोणत्या दिव्याचा. ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी नवरा टॉर्च घेऊन शेजारी उभा होता. त्याला राहवेना. "भाऊ, तो हिरवा बघा, तिकडून येतोय."

डॅशबोर्डखालची हालचाल थांबली. मी कुंड्यांना पाणी घालत होते, मान वर केली नाही.

"साहेब," खालून आवाज आला, "मले हिरवा दिसत नाही. लालही दिसत नाही. आकडा सांगा."

नवरा टॉर्च घेऊन जवळ सरकला. मग गुडघे टेकून आत वाकला. "बावीस," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत तोच आकडे वाचत होता. तिसऱ्या दिवशीही. शेवटी बॅटरी जोडली, डावा इंडिकेटर लावला, तर हॉर्न वाजला. भाऊ यादी घेऊन आत शिरले आणि हसतच बाहेर आले. नवऱ्याने उलट्या बाजूने वाचून सहाचे नऊ केले होते. "साहेब, मले रंग दिसत नाही, तुम्हाले आकडे," भाऊ म्हणाले. इतक्या दिवसांनी नवरा मोकळेपणी हसला.

जेवताना त्याने विचारलं, "तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी वायरीवर चढवायच्या आकड्यांच्या छोट्या नळ्या त्याने मोबाइलवरून मागवल्या आणि आल्या तशा स्वतः ओमतीत नेऊन दिल्या.

रंग दिसत नाहीत हे भाऊ आता गिऱ्हाईकाला आधीच सांगून टाकतात. दोघं-तिघं ऐकून दुसरीकडे गेले, हेही त्यांनीच मला सांगितलं. बाकीचे येत राहिले.