ताईचा अबोला: पुणे ते शेवगाव, व्हाया पारनेर

तीन वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नाची पत्रिका मी सख्ख्या मोठ्या बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवली. खाली जोडलेले दोन हात. यात काय चुकलं हे ज्यांना कळत नाही, त्यांनी हा लेख जपून ठेवावा, उपयोगी पडेल. ताई लग्नाला आली नाही आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आता नात झाली. मुलाला सख्खी बहीण नाही, त्यामुळे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणार ती त्याची आत्या, म्हणजे ताईच, नाहीतर बारसं नको, असं त्यानं जाहीर केलं. बारसं पुढच्या रविवारी. "या वेळी स्वतः जा," बायको म्हणाली. "आणि मोबाईल खिशात ठेव."

डावा हात प्लास्टरमध्ये, म्हणून गाडी माझी आणि ड्रायव्हर दिवसाच्या बोलीवर. बारा तासांचे पंधराशे, जेवण आपल्याकडे. आले भाऊसाहेब. वय पन्नाशीचं, कपाळाला गंध, रस्त्यापेक्षा आरशात जास्त लक्ष, कारण आरशात मी होतो आणि माझ्याशी बोलायचं होतं. शिक्रापूर यायच्या आत त्यांनी पत्रिकेचं प्रकरण माझ्याकडून काढून घेतलं.

"मोबाईलवर?" त्यांनी गाडी हळू केली. "सख्ख्या भनीला?"

"अहो, घाई होती."

"व्हय, व्हय. घाईच आसती."

सहाला निघालो होतो. शिरूरला मिसळ खाल्ली (तर्री मागून घ्या, पाव मोजून घ्या) आणि पुढे माझा डोळा लागला. ही चूक करू नका. जागा झालो तेव्हा हायवे गायब होता. दोन्हीकडे ज्वारी, माळ, आणि समोर एक शेळी.

"हा नगरचा रस्ता नाही."

"न्हाईच. पारनेरचा हाय. माजी भन हाय हितं. पाच मिंटं."

पाच मिनिटांत चहा झाला, पोहे झाले आणि अंगणात जमलेल्या शेजारणींना माझी पूर्ण हकीगत सांगून झाली. भाऊसाहेबांची बहीण पदराला हात पुसत म्हणाली, "न्हाई आल्या त्येच बरं केलं. आल्या आसत्या तर नाकच न्हाई म्हनायचं त्यांना." बाकीच्या माना हलल्या. मी पोहे खाल्ले. निघताना तिनं हुलग्याच्या पिठाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "तुमच्या ताईला द्या. रिकाम्या हातानं जाऊ नका."

रिकाम्या हातानं! मागच्या सीटवर पुण्यातली भारीतली पैठणी होती आणि दोन किलो काजूकतली. पण माझं ऐकतो कोण.

पुन्हा सुप्याला येऊन हायवे धरला. पाट्यांवर अहिल्यानगर, तोंडात नगर, आणि ट्रॅफिक दोघांचंही सारखंच. करंजीचा घाट पाच मिनिटांचा आहे, पण पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असेल तर अर्ध्या तासाचा होतो. तिसगावपासून अमरापूरकडे वळलं की कापसाचा मुलूख. टेम्पो जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना पांढऱ्या दाढ्या फुटलेल्या. सुंदर दृश्य. मला अजिबात सुंदर वाटलं नाही. ताईला काय म्हणायचं ते मी मनात घोकत होतो.

शेवगावच्या अलीकडे ताईचं घर. साडेदहाला पोचणार होतो, दीड वाजला. दाजी शेवगावच्या बाजारात गेले होते. घरात भांडण दिसलं की त्यांना बाजार आठवतो. ताई दारात उभी होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं बाई होती, अजूनही तशीच उभी राहते. माझ्याकडे न बघता तिनं भाऊसाहेबांना विचारलं, "पाणी घेणार का? आणि सोबत आलेत त्यांना विचार."

"साहेब, बाई इचारत्यात पानी घ्यायचं का."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

असा अर्धा तास गेला. पैठणी दिवाणावर पडून राहिली, काजूकतलीवर वर्तमानपत्र आलं. हुलग्याची पिशवी मात्र तिनं उघडली, पीठ चिमटीत घेऊन हुंगलं. "कुठलं रे?"

"पारनेरचं. भनीनं दिलं, तुमच्यासाठी."

"तिला कळतं," ताई म्हणाली आणि शेंगोळे करायला आत गेली. लसणाचा वास सुटला. जेवताना दुसऱ्यांदा शेंगोळे हवे आहेत हेसुद्धा मी भाऊसाहेबांमार्फत कळवलं.

मग बारशाचा विषय काढायला मी घसा खाकरला, तर भाऊसाहेबच सुरू झाले. "बाई, साहेब म्हनत्यात लई चूक झाली. वाटंत रडलं बी."

"मी रडलो नाही!"

"त्याला म्हणावं," ताई त्यांनाच म्हणाली, "चूक झाली असेल तर ते त्याच्या तोंडून येऊ दे."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, ताट उचललं. "मी जरा गाडीवर पानी मारतो," म्हणाले आणि चालते झाले. ज्या माणसाला दिवसभर गप्प बसवू शकलो नाही, तो नेमका आत्ता गेला.

पंख्याचा आवाज. बाहेर बादली.

"चुकलं ताई," मी म्हणालो. "पत्रिका घेऊन यायला हवं होतं. आता नात झालीय. रविवारी बारसं आहे. नाव तूच सांगायचंस."

ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मग कॅलेंडरलाच विचारल्यासारखं म्हणाली, "हात कसा मोडला?"

"जिन्यावरून पडलो."

"मोबाईल बघत उतरत असशील."

बघतच उतरत होतो. हे मी डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं.

एवढंच. "हो" नाही, "नाही"सुद्धा नाही. निघताना तिनं भाऊसाहेबांना थांबवून त्यांचा नंबर कॅलेंडरच्या कडेला लिहून घेतला. "दवाखान्यात जायला गाडी लागते कधी कधी." मला डब्यात शेंगोळे दिले, म्हणजे भाऊसाहेबांच्या हातात दिले. परतीला मी झोपलो नाही. सुप्याला तर डोळे वटारून बसलो.

घरी बायकोनं विचारलं, "येणार?" मी म्हणालो, "हाताचं विचारलं." तिनं डबा उघडला आणि समजल्यासारखी मान हलवली, जे मला अजून समजलेलं नव्हतं. जायचं असेल कुणाला तर सांगतो: रस्ता चांगला आहे, पारनेर वाटेत नाही, आणि आपल्या माणसाकडे जाताना तीन वर्षं लावू नका, एवढा वेळ पारनेरवरूनसुद्धा लागत नाही.

काल भाऊसाहेबांचा फोन आला.

"साहेब, बाईंचा फोन हुता. शनिवारी त्यांना बारशाला आनायला बोलावलंय मला. तुमची गाडी घेऊन जातो."

"मीपण येतो!" मी उठलोच.

"न्हाई न्हाई. तुमी येऊ नका म्हनल्या. येताना पारनेरला माज्या भनीकडं थांबायचंय त्यांना."