हात आत आहे का बाहेर?

माझ्या धाकट्या बहिणीचे कपडे शिवणाऱ्या शिंप्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. उजवी बाही डावीपेक्षा सैल हवी, आणि एका झटक्यात खांद्यापर्यंत वर सारता आली पाहिजे. तिचा उजवा खांदाही डाव्यापेक्षा जरा खाली उतरलेला आहे. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून, डोळे मिटून, वासराचा पाय कुठे आणि मान कुठे हे चाचपण्यात ज्यांची उमेदीची वर्षे जातात, त्यांच्या शरीराला असा बाक येतो. त्या बाकाची नोंद पशुवैद्यक परिषदेच्या कोणत्याही रकान्यात होत नाही. आज माझ्या बहिणीला जनावराला हात लावण्याची परवानगी नाही. ती का नाही, हे मी क्रमाने सांगणार आहे. शांतपणे सांगेन, असे मात्र कबूल करत नाही.

आमच्या घराच्या तळमजल्यावर तिचा दवाखाना आणि वरच्या मजल्यावर मी व माझी पत्नी. जंतुनाशकाचा वास जिन्याने वर येतो आणि आमच्या अंथरुणा-पांघरुणात मुरतो. खिडकीच्या गजांवर प्रसूतीच्या दोऱ्या वाळत असतात, पायरीवर रबरी बूट उलटे ठेवलेले असतात. तिच्या फ्रीजमध्ये न मावणाऱ्या लशी आमच्या फ्रीजमध्ये येतात, आणि त्यावरून नणंद-भावजयीची रोजची चकमक ठरलेली आहे.

“वन्सं, परवा पाहुण्यांच्या चहात दूध घालताना मी बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं.”

“वाचत जा, वहिनी. तेवढंच तुझंही शिक्षण चालू राहील.”

शिक्षण चालू राहणे. हा शब्दप्रयोग आमच्या घरी थट्टेचा झाला, त्याचे श्रेय परिषदेचे आहे.

वास्तविक पदवीनंतर माझी बहीण एक दिवसही शिकायची थांबलेली नाही. गाडीच्या मागच्या आसनावर दोऱ्या आणि सलाइनच्या बाटल्यांखाली नियतकालिके दबलेली असतात, आणि ती वाचलेली असतात. पण तिचे खरे शिक्षण झाले ते सरांकडे. सर म्हणजे तिचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम केले. ते फोनजवळ बसले. कुठल्याही आडगावच्या गोठ्यात त्यांचा एखादा विद्यार्थी अडला, की गोठेवाला त्याच्या कानाला मोबाइल लावून उभा राही, आणि सर पहिला प्रश्न विचारत, “हात आत आहे का बाहेर?”

बाहेर असला तर उद्धार ठरलेला. “मग आधी आत घाल, काय लागतंय ते बघ आणि मग फोन कर. मी ज्योतिषी नाही.” आत असला तर मात्र सर ताटावरून उठत, पाहुण्यांना तसेच बसवून ठेवत, एकदा तर अंगाला साबण लावलेला असताना न्हाणीघरातून बाहेर आले होते. पुढे पुढे विद्यार्थी नमस्कारसुद्धा गाळून थेट “सर, हात आत आहे” एवढेच म्हणू लागले. मग आपसांतही तेच म्हणू लागले. ज्याला हे शब्द ऐकू आले त्याने “नंतर बोलू” म्हणायचे नाही, असा त्यांच्यात अलिखित करार झाला. सर गेल्यावर ते फोन हळूहळू माझ्या बहिणीकडे येऊ लागले. तिला कुणी नेमले नव्हते. ती फोन उचलत असे, एवढीच तिची पात्रता.

आता परिषदेकडे वळतो. डॉक्टरांनी शिकत राहिले पाहिजे, ह्याबद्दल माझी तक्रार नाही. औषधे बदलतात, रोग बदलतात, आणि जुन्या ज्ञानावर जगणारा डॉक्टर गोठ्यातल्या गोचिडाइतकाच घातक असतो. हे वाक्य माझ्या बहिणीचेच आहे. परंतु परिषदेने शिकण्याची व्याख्या केली. परिषदेने मान्य केलेले व्याख्यान ऐकले तर गुण. ठरावीक मुदतीत ठरावीक गुण जमले तर नोंदणीचे नूतनीकरण. न जमले तर नोंदणी स्थगित. आणि ऐकण्याचा पुरावा काय? तर मोबाइलच्या पडद्यावर मधूनमधून उगवणारे एक बटण. त्यावर लिहिलेले असते ‘मी उपस्थित आहे’. ते विरायच्या आत दाबले नाही, तर ते अख्खे व्याख्यान बाद.

परिणाम काय झाला, हे परिषद सोडून सर्वांना ठाऊक आहे. दवाखान्यातल्या कंपाउंडरांनी बटणे दाबली, बायकांनी दाबली, सुनांनी दाबली. एका डॉक्टरच्या सासूबाईंनी कोंबड्यांच्या आजारांचा संपूर्ण अभ्यासक्रम पार पाडला, आणि हल्ली त्या जावयाला सल्ले देतात. मीही बहिणीला म्हणालो होतो, “तू गोठ्यावर जा, मी दाबतो बटण.”

“मग अडलेल्या गाईलाही तूच जा.”

“अगं, सगळे करतात.”

“सगळ्यांना करू दे. जे मी ऐकलं नाही, ते ऐकलं म्हणून मला सांगायचं नाही.”

ह्या करारीपणाचा मला त्या दिवशी अभिमान वाटला नाही, राग आला. आजही येतो. कारण तिची व्याख्याने एकामागून एक बाद होत गेली, आणि त्यांतले एक तर अवघड प्रसूतीवरचे होते. ते तिने गोठ्यातल्या खांबाला मोबाइल टांगून ऐकले, शेवटपर्यंत ऐकले. बटण उगवले तेव्हा तिचा हात एका गाईच्या पोटात, वासराची मागे वळलेली मान सरळ करण्यात गुंतला होता. वासरू जिवंत बाहेर आले. अवघड प्रसूती ह्या विषयात माझी बहीण अनुपस्थित ठरली.

मुदत संपत आली तेव्हा एकच मार्ग उरला होता. शहरातल्या सभागृहात दिवसभराचे शिबिर. तिथे पूर्ण वेळ बसणाऱ्याला सगळे उरलेले गुण मिळणार होते. बसली तर दवाखाना राहील, न बसली तर जाईल, इतके सरळ होते. तिने गोठेवाल्यांना आधी कळवले, दवाखान्याला कुलूप लावले आणि मी गाडी चालवली.

सभागृहाच्या दाराशी मोबाइल गोळा करायची टोपली होती आणि भिंतीवर हजेरीचे कार्ड लावायचे मशीन. कार्ड लावल्याखेरीज दार उघडत नव्हते, आणि सत्र चालू असताना कोणी बाहेर पडला की मशीन त्याला अनुपस्थित नोंदवणार होते. बहिणीने मोबाइल टोपलीत टाकला नाही. माझ्या हातात दिला.

“कुणाचा आला तर सांग, संध्याकाळी करते.”

“आणि हात आत असला तर?”

तिने कार्ड मशीनला लावले. “आज नसेल,” म्हणाली आणि आत गेली.

मी दाराबाहेरच्या खुर्चीवर बसलो. शेवटच्या सत्रापर्यंत सर्व ठीक चालले. त्या सत्राचा विषय होता, पशुवैद्यकांवरील ताण आणि व्यावसायिक आधार. कडक इस्त्रीचे एक गृहस्थ बोलत होते, आणि दारातून त्यांचे शब्द स्वच्छ ऐकू येत होते. पशुवैद्यक एकटा पडतो, म्हणाले. अडचणीत असताना सहकाऱ्याला फोन करायला कधीही संकोच करू नका, म्हणाले. परिषदेने आधार केंद्र सुरू केले आहे, त्याचा क्रमांक पडद्यावर आहे, तो लिहून घ्या, म्हणाले. नेमका त्याच वेळी माझ्या हातातला मोबाइल थरथरला.

फोन पैलवानाचा होता. पैलवान हाही डॉक्टरच, दूरच्या एका गावातला. दंड खांबासारखे, आणि आवाज घाबरलेल्या लेकरासारखा.

“दादा, बाईंना द्या.”

“ती व्याख्यानात आहे. संध्याकाळी तीच—”

“दादा, हात आत आहे.”

मी उठून दाराच्या काचेशी गेलो. बहीण तिसऱ्या-चौथ्या ओळीत होती. तिने पाहिले. मी माझ्या सदऱ्याची उजवी बाही वर सारली. ती उठली.

दाराशी, आतल्या बाजूला, शिबिराचे संयोजक बसले होते. तेही डॉक्टर, तिच्याहून थोडे मोठे.

“मॅडम, शेवटचंच सत्र आहे. बसा ना थोडं.”

“एकाचा हात आत आहे.”

संयोजकांनी वर पाहिले. ते शब्द त्यांना परके नव्हते, हे मी काचेतूनही ओळखले.

“तुम्हीही सरांचेच ना?” बहिणीने विचारले.

“सरांचाच. पण सरांची गोष्ट वेगळी होती, मॅडम. इथे मशीन आहे.”

“हो, ते दिसतंय.”

तिने स्वतःच्या हाताने कार्ड लावले. मशीन वाजले, दार उघडले आणि तिने माझ्याकडून मोबाइल घेतला.

“बोल. काय लागतंय?”

पैलवानाचा आवाज मलाही ऐकू येत होता. “काहीच नाही, बाई. हात पुढे जातच नाही. वाट आवळलीये.”

“पिळल्यासारखी?”

“हो.”

“गर्भपिशवीला पीळ बसलाय. आतल्या घड्यांच्या कडेनं हात सरकव. मनगट कुठे वळतंय?”

“उजवीकडे.”

“नक्की? गाईच्या मागेच उभा आहेस ना?”

“बाई, पुढून कसा घालू?”

ती हसली. “विनोद सुचतोय म्हणजे शुद्धीवर आहेस. ऐक. गाईला उजव्या कुशीवर पाड. पोटावर फळी टेकव, फळीवर एक माणूस बसव, आणि तिला उजवीकडेच लोळव. पीळ ज्या बाजूचा, गाय त्याच बाजूला. उलटी लोळवलीस तर आणखी आवळेल.”

“मी उलटीच लोळवणार होतो.”

“पहिल्यांदा सगळे उलटीच लोळवतात. म्हणून तर फोन करायचा असतो. चल, लोळव.”

मग बराच वेळ फोनमधून माणसांचा आरडाओरडा आणि गाईचे हुंकार येत राहिले. बहीण भिंतीला टेकून उभी होती. तिची उजवी बाही खांद्यापर्यंत वर गेलेली होती. ती कधी सारली, हे तिलाही कळले नसावे. आतून टाळ्यांचा आवाज आला. सत्र संपले होते.

“बाई, सुटला पीळ. पण वासरू गेलं.”

“गाय?”

“उभी राहिली.”

“मग रडतोस काय? तिला पाणी पाज.”

हे ती दरडावून म्हणाली खरी, पण तोंड भिंतीकडे फिरवून म्हणाली. दरम्यान दार उघडून मंडळी बाहेर आली. सर्वांच्या हातांत प्रमाणपत्रे होती. संयोजक सर्वांत शेवटी आले, आणि आमच्याकडे न पाहता, मशीनची वायर गुंडाळत राहिले.

मी परिषदेकडे दाद मागितली. मी तर्कशास्त्र शिकवतो. मुद्दा मांडणे हा माझा व्यवसाय आहे. सहकाऱ्याला फोन करा असे आत सांगणारा उपस्थित, आणि सहकाऱ्याचा फोन घेणारी अनुपस्थित, ही विसंगती मी सौम्य शब्दांत दाखवून दिली. उत्तर आले की परिषद आपल्या भावनांचा आदर करते, तथापि दूरध्वनीवरून सहकाऱ्यास केलेले मार्गदर्शन हा मान्यताप्राप्त उपक्रम नाही. नोंदणी स्थगित. पुढच्या मुदतीपर्यंत थांबावे, तोवर उपचार करू नयेत. भावनांचा आदर करणाऱ्यांचा मला पूर्वीही संशय येत असे. आता खात्री झाली आहे.

दवाखान्याचे दार बंद झाले. गोठेवाले येतात, पायरीवर घुटमळतात, आणि बहीण त्यांना शेजारच्या शहरातल्या डॉक्टरकडे पाठवते. तो डॉक्टर फक्त कुत्री-मांजरे पाहतो, हे त्यांना ठाऊक असते आणि तिलाही. आमच्या फ्रीजमध्ये आता दूध, भाजी आणि रिकामी जागा आहे. पत्नीने परवा तो उघडला, थोडा वेळ आत पाहत राहिली आणि म्हणाली, “वन्सं, चार बाटल्या तरी ठेवा हो. सवय मोडली.”

फोन मात्र थांबले नाहीत. उलट वाढले. अनोळखी आवाज येऊ लागले, सर कोण होते हे ठाऊक नसलेले, “नमस्कार मॅडम, वेळ आहे का?” असे विचारणारे. एका नव्या डॉक्टरला बहिणीने विचारले, “माझा नंबर कुणी दिला?”

“आधार केंद्रानं, मॅडम. ते म्हणाले, मोठ्या जनावरांचं आमच्याकडे कुणीच नाही, ह्या बाईंना विचारा.”

मी शेजारीच होतो. ज्या परिषदेने तिला अपात्र ठरवले, त्याच परिषदेचे आधार केंद्र आपली अडलेली माणसे तिच्या दारात आणून सोडत होते. मी वर जाऊन लिहायला बसलो. ती मागोमाग जिना चढून आली.

“काय लिहितोयस?”

“परिषदेला. आता त्यांची मानगूट बरोबर सापडली आहे.”

“नको लिहूस.”

“का नको? हा निर्लज्जपणा आहे.”

“आहेच. पण तू लिहिलंस तर ते काय करतील? मला परत घेतील, का माझा नंबर द्यायचं बंद करतील? तुझंच शास्त्र आहे, दादा. तूच सांग.”

मी पेनाला टोपण लावले. इतकी वर्षे विद्यार्थ्यांना जे शिकवले, ते माझ्यावरच उलटले होते, आणि निष्कर्षात कुठेही चूक नव्हती.

लोक म्हणतात, बाईंनी घरबसल्या किती मोठे काम चालवले आहे. हे ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हे मोठे काम नव्हे. हे एका डॉक्टरचा हात काढून घेऊन तिचा आवाज फुकट वापरणे आहे, आणि त्याचे कौतुक करणाऱ्यांनी निदान माझ्यासमोर करू नये.

आत्ताही खाली फोन वाजला. ती बंद दवाखान्याच्या पायरीवर, रबरी बुटांशेजारी बसलेली आहे. बूट कोरडे आहेत. तिने डाव्या हाताने मोबाइल कानाला लावला, आणि बोलण्याआधीच उजवी बाही खांद्यापर्यंत वर सारली.

“हात आत आहे का बाहेर?”