परक्या मातीवरचे पाणी

ईश्वराच्या दरबारी अर्ज कसा करावा, हे मला कोणी शिकवले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तथापि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कतारमध्ये, दोह्यातील मराठी कामगारांचे अर्ज मीच लिहीत असे, आणि माझ्या मसुद्याला नकार येत नाही, असा लौकिक होता. दत्तमहाराजांची पोथीही मी नेमाने वाचत असे. त्या उन्हाळ्यात मात्र माझ्या लेखणीवरचा आणि पोथीवरचाही विश्वास डळमळला.

अल खोरच्या धक्क्यावर क्रेन चालवणारा मालवणकडचा महादेव समुद्रात पडला. देह काही दिवसांनी किनाऱ्याला लागला, तो अशा अवस्थेत की डॉक्टरांनी तो विमानाने पाठवण्यास मनाई केली. दहनाची तेथे सोय नव्हती. त्याचा धाकटा भाऊ शिवराम त्याच कंपनीत ड्रायव्हर. भावाचा देह आईच्या दारात पोचावा, एवढीच त्याची मागणी. मी कंपनीस, रुग्णालयास व दूतावासास अर्ज केले. एकाही ठिकाणी आदराचा शब्द कमी पडू दिला नाही. सर्वत्र नकार आला.

अन्य धर्मीयांसाठी राखलेल्या दफनभूमीत दुपारी खड्डा बुजवला गेला. सोबतची मंडळी कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसली. शिवराम मात्र त्या उन्हात मातीपाशी बसून राहिला. ओढले तरी उठेना. अखेर मला म्हणाला, "काकानू, तेका आता पाणी कोण देतलो?"

मी मनात एवढेच म्हणालो की महाराज, माझे शब्द संपले, यापुढे आपण पाहावे.

तेवढ्यात जीपमधून कंपनीचे सुपरवायझर उतरले. ते बेल्जियमचे. कोणी काही मागितले की "खलास" म्हणून वाटेला लावत, म्हणून माघारी त्यांना आम्ही खलाससाहेबच म्हणत असू. त्यांच्या हाती पाण्याचा डबा होता. त्यांनी उशाकडच्या मातीवर सावकाश धार धरली. हा आमचा विधी आपणांस कोणी सांगितला, असे मी इंग्रजीत विचारले. कोणी नाही, माझी आई असे करते, असे ते म्हणाले.

मग जीपला टेकून त्यांनी आपल्या लहानशा गावाची हकिकत सांगितली. त्या गावाचे नाव माझ्या जिभेला कधी वळले नाही. पहिल्या महायुद्धात तोफांनी तेथे एकही भिंत उभी ठेवली नाही; विषारी धुराने माणसे व गुरे मेली. परतलेल्या लोकांनी विटा वेचून घरे बांधली, आणि शेजारी पुरलेल्या परक्या शिपायांच्या कबरी घराघराने सांभाळायला घेतल्या. त्यांच्या आजोळी आली ती एका हिंदुस्थानी शिपायाची. आई लहानपणापासून तिच्यावर क्रूस आणि मेणबत्ती ठेवी. हा आपल्या धर्माचा नव्हे, असे पुढे शाळेच्या गुरुजींनी सांगितले, तेव्हा तिने दोन्ही उचलली. मग काय वाहावे हे कळेना, म्हणून पाणी घालू लागली. दुसऱ्या युद्धात तिच्या भावाला जर्मन सैन्याने सक्तीच्या मजुरीस नेले. तो कोठे पुरला गेला, ते आजवर कळलेले नाही.

"ती म्हणते, मी याला घालते, तर माझ्या भावालाही कोणीतरी घालत असेल."

हे मी शिवरामला मराठीत सांगितले. तो उठला, डबा मागून घेतला, भावाचे नाव घेतले आणि उरलेले पाणी स्वतः घातले. मग आपल्या पायांनी चालत जीपमध्ये जाऊन बसला. गावी गेल्यावर त्याने आईला काय सांगितले, हे मी विचारले नाही. त्यानंतर तो कामावर परतला, एवढे खरे.

ऐंशीच्या दशकात साहेब मायदेशी गेले. जाताना तो डबा माझ्या दारात ठेवून गेले. शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, बस मिळाली की मी दफनभूमीत जातो. पाणी घालताना महादेवाचे नाव घेतो. मग त्या शिपायाचे आणि साहेबांच्या मामाचे स्मरण करतो. त्या दोघांची नावे मला ठाऊक नाहीत. जन्मभर मी नावगाव स्पष्ट लिहिल्याखेरीज अर्ज पुढे जात नाही, असे लोकांना बजावत आलो. महाराजांच्या दरबारी त्यावाचून अडत नसावे. मी पाणी घालतो, हात जोडतो आणि पुढचे त्यांच्यावर सोपवतो.