अंड्याची कढई

दुपारची झोप आळशी माणसांना लागते, असं प्रल्हाद वायरमन चारचौघांत ठणकावून सांगतो, आणि रविवारी जेवला की कॉटवर आडवा होतो. आजही तो फक्त पाठ टेकतोय. कुकर उतरवलेला आहे, झाकण मुद्दाम उघडलेलं नाही, म्हणजे ऋतुजा सरावावरून येईपर्यंत भात गरम राहील. मग फ्राइड राइस काय, चुटकीसरशी होतो. उद्या जिल्ह्याच्या कबड्डी संघाची निवड आहे. पोरीच्या पोटात अंडी, कडधान्यं गेली नाहीत तर ती दुसऱ्या चढाईलाच बसेल, असं कोचनं तोंडावर सांगितलंय.

पण अंडं या घरात आत येत नाही. तो त्याच्या बायकोचा, दमयंतीचा नियम. अंड्याची कढई वेगळी, तिचा झारा वेगळा, आणि दोन्ही गॅलरीत, स्टोव्हशेजारी. दमयंती जाऊन वर्ष होत आलं तरी प्रल्हाद नियमाला धरून आहे. गॅलरीतल्या वाऱ्यात स्टोव्ह फडफडतो, भाताचा गोळा होतो, आणि ऋतुजा उभ्या उभ्या दोन घास खाऊन "राहू दे पप्पा" म्हणते.

डोळे मिटतात. पंख्याची घरघर हळूहळू कबड्डी, कबड्डी अशी ऐकू यायला लागते. मैदानावर चुन्याची रेघ आहे आणि रेघेच्या अलीकडे त्याच्याच घराचा ओटा. दमयंती पदर खोचून रेघ ओलांडते.

"अहो, लवकर बोला. दम धरून आलेय."

"बोललीस की दम सुटला," प्रल्हाद म्हणतो. कायदा त्याला पाठ आहे.

"पंच आमच्या बाजूचे आहेत." ती कुकरचं झाकण काढते आणि कपाळाला हात लावते. "असा वाफाळता भात कढईत घालता होय? गोळाच होणार. परात द्या."

तो परात देतो. मैदान आता गच्ची झालंय, पापड वाळत घातलेत, आणि ती उकिडवी बसून बोटांनी भात पसरतेय. लहानपणी दारात चेमटलेली तिची करंगळी तशीच वर राहिलीय. ती करंगळी बघून प्रल्हादला फार बरं वाटतं.

"गार झाला की मोठी लोखंडी कढई घ्या. जाळ मोठा. आधी अंडी परतून बाजूला काढा. मग कांदा, मिरची, मोडाची मटकी, सोयाबीनच्या वड्या भिजवून घट्ट पिळून. भात शेवटी. परता, चिरडू नका."

"मोठी कढई आतली आहे."

"मग?"

"अंडं आत चालत नाही. तूच म्हणायचीस."

"मी होते तोवर म्हणत होते." ती मान वर करत नाही. "पोरगी गॅलरीत उभ्यानं जेवते, मला तिकडून दिसतं. बघवत नाही हो."

प्रल्हाद परातीची कड धरतो. "तुझं एवढंच राहिलंय घरात. तेही मोडलं तर तू पुरती जाशील."

"मी काय कढईत बसलेय?" ती हसते. "तिला आत बसवून जेवू घाला. मला तेवढं पुरे."

ती उठते. रेघ जवळच आहे. प्रल्हाद तिचं मनगट धरतो. एकेकाळचा गडी तो, त्याची पकड सहजी सुटत नाही.

"सोडा. दम संपत आलाय."

त्याला सोडवत नाही. तरी तो सोडतो.

पंखा फिरतोय. प्रल्हाद उठून स्वयंपाकघरात जातो. कुकर रिकामा आहे. ओट्यावर परात, परातीत भात पसरलेला, गार, शीत न् शीत सुटं. झोपेत आपणच उठलो असणार, असं तो स्वतःला बजावतो. मग भातात उमटलेल्या बोटांच्या रेघांवर तो स्वतःचा हात ठेवून बघतो. रेघा तीन-तीनच्या आहेत. त्याच्या करंगळीखाली रेघ नाही.

तो गॅलरीतून अंडी आत आणतो आणि मोठी कढई चढवतो. परातीच्या कडेचा मूठभर भात मात्र तसाच ठेवतो.

ऋतुजा दारातच थबकते. "पप्पा, आत?"

"आत. बस, गरम आहे तोवर खा."

ती पाट ओढून बसते. पहिलं ताट संपवते, दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठते, तेव्हा तिचं लक्ष परातीकडे जातं. ती परातीवर वाकते. करंगळी वर उचलून धरते आणि उरलेली तीन बोटं त्या रेघांत अलगद ठेवते.