मास्टरांनी कापलेलं कार्ड

मास्टर शिवायचे कमी आणि कापायचे जास्त. काजं, बटणं, शिलाई करायला माणसं होती. पण कापडावर कात्री चालवायची ती त्यांनीच. "एकदा कात्री फिरली की विषय संपला," असं ते गिऱ्हाइकांना सांगत, आणि घरातही हाच कायदा. माणूस नाकासमोर चालणारा. तीस वर्षं एकाच खोलीत दुकान, दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं, आणि उधारीचं नाव काढलं की कपाळाला आठी. हट्टी मात्र इतके, की समजवायला आलेल्यानंच शेवटी हात टेकावेत.

आता त्याच खोलीपाशी घोडं अडलं होतं. घरमालकानं खोली विकायला काढली होती. "पहिला मान तुमचा," तो म्हणाला, "पण महिनाअखेरपर्यंतच. नंतर मला बोल लावू नका." अर्धे पैसे मास्टरांनी साठवले होते. उरलेल्या अर्ध्यांसाठी कडक इस्त्रीचा सदरा घालून ते आयुष्यात पहिल्यांदा बँकेत कर्ज मागायला गेले आणि तासाभरात हात हलवत परत आले. मग दुसऱ्या बँकेत, मग तिसऱ्या. चौथ्या बँकेतल्या साहेबानं निदान कारण तरी सांगितलं. "तुमचा क्रेडिट रिपोर्ट खराब आहे."

"मी जन्मात कर्ज घेतलं नाही," मास्टर म्हणाले. "मग खराब व्हायला तो आला कुठून?"

साहेबानं पुढच्या माणसाला बोलावलं. मास्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडणार कुणाशी? काउंटरच्या काचेशी?

रिपोर्ट शेवटी लेकीनं काढून दिला. ती एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची, त्यामुळे रकाने आणि आकडे वाचायची तिला सवय. सुट्टीच्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बापलेक कापायच्या टेबलाशी बसले.

"हे वर तुमचं नाव, जन्मतारीख, आजवरचे पत्ते," ती बोट फिरवत म्हणाली. त्यातला एक पत्ता तर मास्टर स्वतःच विसरले होते. "खाली तुमची खाती. प्रत्येकापुढे महिन्याचा एक चौकोन. पैसे वेळेवर भरले की नाही, नसतील तर किती दिवस उशीर. आणि शेवटी, तुमची चौकशी कोणी कोणी केली ते."

चौकशीच्या रकान्यात चार बँका होत्या, चारही एकाच आठवड्यातल्या. "तुम्ही इतक्या दारांत गेलात, तेही लिहिलंय. पुढचा बघणारा म्हणतो, ह्यांना पैशांची फारच नड दिसते."

म्हणजे सुटायला धडपडावं, तर फास आणखी आवळणार. मास्टरांनी रिपोर्ट आपल्याकडे ओढला. "आणि भाडं? तीस वर्षं भरलं ते कुठंय?"

"ते ह्यात नसतं, बाबा. तुमची शिल्लकही नसते. उसनं घेतलेलं कसं फेडलं, एवढंच असतं."

"पण मी उसनं घेतलंच नाही तर..."

लेकीचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. क्रेडिट कार्ड. पुढे चौकोन: तीस दिवस उशीर, साठ, नव्वद, आणि मग सरळ 'बुडीत'.

मास्टर चक्क हसले. "ते होय? ते तर मी कापलं की." मग सगळी हकीकत सांगितली. टाय लावलेला एक गोडबोल्या पँट आखूड करायला आला होता, बोलता बोलता त्यानं फॉर्मवर सही घेतली. कार्ड घरपोच आलं तेव्हा मास्टरांनी चार गिऱ्हाइकांदेखत मोठी कात्री घेतली आणि एक घाव दोन तुकडे. नंतर पत्रं आली, ती फाडली. फोन आले, ते ठेवून दिले. कार्डच नाही, तर पैसे कसले?

"तुम्ही प्लास्टिक कापलंत, बाबा. खातं तर बँकेत चालूच राहिलं. वर्षाची फी, फीवर दंड, दंडावर व्याज."

"मग आज भरून टाकतो सगळे."

"भरायचेच. पण उशिराचे हे चौकोन त्यानं लगेच पुसले जात नाहीत. काही वर्षं दिसत राहतात."

महिनाअखेर अकरा दिवसांवर होती. मास्टर भिंतीवरच्या हुकांकडे, मापांच्या वह्यांकडे, आपल्याच हातांनी घासून गुळगुळीत झालेल्या टेबलाकडे बघत राहिले. आपण कुठं जाणार हे त्यांना सुचेचना.

"ऐका," लेक म्हणाली. "कर्ज माझ्या नावावर काढू. मला पगार आहे, आणि मी कुणाचं दमडीचं देणं लागत नाही." तिनं लगेच फोनवर स्वतःचा रिपोर्ट उघडला आणि वाचता वाचता तिच्या कपाळाला आठी पडली.

"माझ्या नावावर एक कार्ड आहे. तुमच्याच त्या बँकेचं. पहिली नोकरी लागली तेव्हा मी फॉर्म भरला होता, दुकानाचा पत्ता देऊन. पण कार्ड कधी आलंच नाही. मला वाटलं, नाकारलं." खाली तेच चौकोन, तेच शेवटचं 'बुडीत'. "म्हणजे कुणीतरी मधल्यामध्ये लांबवलं. थांबा, इथे तक्रार करता येते. कार्ड मिळालंच नाही असं लिहिते. त्यांनी मान्य केलं की ही ओळ जाईल, आणि आपलं काम होईल."

ती भराभर टाइप करू लागली. तिच्या कार्डाचं ते पाकीट मास्टरांना लख्ख आठवत होतं. आपण गप्प बसलो तर कदाचित खोली वाचेल. पण पाकीट घेताना केलेली सही बँकेकडे असणार, आणि खोटी ठरणार ती पोर.

"लिहू नकोस," ते म्हणाले. "कार्ड आलं होतं."

लेकीनं मान वर केली.

"सही मी केली. पाकीट मी फोडलं. तू कर्जात पडू नयेस म्हणून..."

तिनं लिहिलेलं सगळं एकेक अक्षर करत पुसलं. फोन उपडा ठेवला. मग टेबलावरच्या कात्रीकडे बघितलं.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "माझ्या नावानं आलेलं अजून काय काय कापलंत तुम्ही?"

आणि मास्टर आठवू लागले.