पांगुळगाडा

माझा धाकटा भाऊ प्रोग्रामर. स्वभावाने हट्टी, पण मनाने वाईट नाही. आयुष्यभर त्याने साध्या एडिटरमध्ये, एकेक अक्षर स्वतः टाइप करून काम केलं. शब्द आपोआप पुरे करणारं, चुका दाखवणारं मोठं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मुलांना तो भर ऑफिसात विचारायचा, "काय रे, पांगुळगाडा आणलास का?" मुलं हसायची, पण मान खाली घालून.

गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. एका हाताने टाइप करताना काम मागे पडू लागलं. साहेबांनी बजावलं, असंच चाललं तर घरी बसावं लागेल. त्याने जिची सगळ्यांत जास्त टर उडवली होती, त्याच मुलीने ते सॉफ्टवेअर त्याच्या कॉम्प्युटरवर घालून दिलं.

"सर, निम्मं तेच लिहितं," ती हळूच म्हणाली.

त्याने ते उघडलंच नाही. महिन्याभरात नोकरी गेली.

भावजय चिडून म्हणाली, "चालायला काठी घेतलीत, तेव्हा नाही लाजलात. मग तिथेच काय आडवं आलं?"

"काठीवाल्यांना मी कधी हसलो नव्हतो," तो म्हणाला.